थोड्या पैशात पुरतं काम

वालूरला हल्ली बाहेरगावची माणसं बारव बघायला येतात. सेलू तालुक्यातल्या आमच्या या गावातली ही बारव गोल आहे आणि तिच्या पायऱ्या कडेकडेनं फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. कितीतरी वर्षं ती गाळानं आणि झाडझुडपानं बुजलेली होती. रोहन काळे यांनी महाराष्ट्र बारव मोहीम सुरू केली, राज्यभरच्या बारवांची नोंद होऊ लागली, आणि आमच्या गावकऱ्यांनीही श्रमदानाला हात घालून ती मोकळी केली. आता काठावर उभं राहिलं की पायऱ्यांचा फेर पूर्ण दिसतो. मला त्यात दगडापेक्षा आधी झालेला विचार दिसतो. पायरी किती उंच घ्यायची, किती रुंद ठेवायची, भरली घागर घेऊन वर येणाऱ्या बाईचा पाय कुठं पडेल, पाणी खाली गेलं तरी तिथपर्यंत पोचता कसं येईल, हे सगळं पहिला दगड बसण्याआधी कुणीतरी ठरवलं होतं. त्या माणसाचं नाव आमच्या तोंडी राहिलं नाही. काम मात्र राहिलं.

हात कामाला लागण्याआधी डोक्यानं करायच्या या कामाला पैसे मोजायची वेळ आमच्या घरावर आली ती सुनेच्या तेलघाण्यामुळं.

मराठवाड्यात करडई म्हणजे घरचं तेल. ज्वारीच्या वावराला कडेनं करडईचे तास पेरायचे. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे आणि वर्षाचं तेलही घरात येई. दसऱ्याच्या आगेमागे पेरणी, फेब्रुवारी-मार्चात काढणी. तीही पहाटे, दवानं काटे मऊ असतात तोवर. पुढं सोयाबीन आलं, करडईचं क्षेत्र आटत गेलं, गावोगावचे घाणे बंद पडले आणि घराघरात पिशवीतलं तेल आलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं करडईवरचं काम मात्र सोडलं नाही. ‘परभणी कुसुम’ हे वाण तिथलंच. माझी सून शेतीचं शिकलेली. तिनं आमच्या दोन एकरात करडई घेतली आणि म्हणाली, “आई, बी विकण्यापरीस तेल काढून विकू.”

लाकडी घाण्याला पैसे लागले ते बचत गटाचं कर्ज, तिची स्वतःची शिल्लक आणि बँक असे मिळून उभे राहिले. २०२० मध्ये केंद्र सरकारनं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली. तीत पात्र खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं. बँकेला द्यायच्या कागदात घाणा, मोटर, गाळणी, शेड, वीजजोडणी अशा सगळ्या ओळी होत्या. बाटलीवर काय असेल आणि ते कोण ठरवेल, याची ओळ कुठंच नव्हती. छोट्या धंद्यात हा खर्च नेहमी शेवटी आठवतो, आणि तोवर पैसे संपलेले असतात. आमच्याकडे तेव्हा पंधरा हजार उरले होते. त्यातच आखणी आणि छपाई दोन्ही बसवायचं होतं.

लेबल ही हौस नव्हती. २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी खाद्यतेल सुटं विकायला मनाई केली आहे, राज्यानं खास सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे बाटली आली, बाटलीवर कागद आला, आणि त्या कागदावर काय असावं हेही कायद्यानं आलं. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहारी असल्याची हिरव्या चौकटीतली हिरवी टिकली, निव्वळ वजन आणि माप, सर्व करांसह किंमत, बॅच, तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. एक लिटर तेल एक किलो भरत नाही, ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यामुळं लिटरही लिहायचं आणि ग्रॅमही. अक्षरं किती मोठी हवीत याचेही नियम आहेत. तळहाताएवढ्या कागदावर एवढा मजकूर बसवायचा आणि तरी त्यावर नजर ठरली पाहिजे.

पहिलं लेबल आम्ही तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात करून घेतलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पावतीपुस्तकं असं काम तिथं दिवसभर चालतं आणि ते काम ती मंडळी झपाट्यानं करतात. तासाभरात लेबल तयार झालं. लाल-पिवळी झळाळी, सोनेरी कडा, मधोमध तेलाचा थेंब आणि त्यामागं भलंमोठं फूल. सुनेनं ते बघितलं आणि हळूच म्हणाली, “दादा, हे सूर्यफूल हाय. आमची करडई हाय.” त्यानं लगेच दुसरं फूल शोधून टाकलं. तेही करडईचं नव्हतं. ‘शुद्ध’ या शब्दातलं जोडाक्षर फुटून ‘द्’ एकीकडं आणि ‘ध’ दुसरीकडं पडला होता. मला त्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. तासाभराच्या पैशात आम्ही त्याचा तासच घेतला होता. करडईचं फूल कसं असतं हे बघायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे आम्ही दिलेच नव्हते.

करडईचं फूल तसं बघणाऱ्याला साधंच. हिरव्या, काटेरी बोंडातून बारीक पाकळ्यांचा झुबका वर येतो. पहिल्यांदा पिवळा असतो, मग केशरी होतो, वाळत आला की लालसर पडतो. सूर्यफुलासारखी तबकडी तिथं नाही, तोंड फिरवणं नाही. बोंडाखालच्या पानांना सुईसारखी टोकं असतात. त्याच झुबक्याखाली पांढरं, टणक, खुंट्यासारखं बी बसतं आणि त्यात साधारण तीस टक्के तेल असतं. घाण्यावर ते सगळं निघत नाही, बरंचसं पेंडीत राहतं. म्हणून घाण्याचं तेल महाग पडतं. जो माणूस हे बघेल त्यालाच हे महाग का, हे कागदावर सांगता येईल. त्या दिवशी मला डिझाइनरकडून काय घ्यायचं ते उमगलं. चित्र तर मोबाइलवरही मिळतं. आपल्याला हवं असतं त्याचं लक्ष, आपल्या वस्तूवर काही दिवस ठेवलेलं.

गावात सल्ले बरेच आले. फुकट लोगो करून देणारी ॲप आहेत, ती वापरा. भाच्याला येतं थोडंफार, त्याला सांगा. चार-पाच जणांकडून नमुने मागवा, आवडेल त्याला पैसे द्या. यातला शेवटचा सल्ला मला सगळ्यात खटकला. शिंप्याला कुणी म्हणत नाही की चार सदरे शिवून आण, त्यातला एक आवडला तर शिलाई देतो. ॲपबद्दलही विचार केला. तिथला आकार जसा आपल्याला मिळतो तसा तो कुणालाही मिळतो. उद्या तेच चिन्ह दुसऱ्या तालुक्यातल्या मसाल्यावर दिसलं तर हे आमचं म्हणून भांडायला आपल्याकडं काही उरत नाही.

शेवटी ओळखीतून एक मुलगा मिळाला. संभाजीनगरला उपयोजित कला शिकलेला, काही दिवस पुण्यात एजन्सीत राहिलेला आणि आई-वडिलांसाठी परत येऊन घरून काम करणारा. तो आधी फोनवर बोलला आणि मग बस धरून वालूरला आला. येताना त्यानं लॅपटॉप आणला होता, पण पहिले दोन तास तो उघडलाच नाही. घाण्याजवळ बसला. तेल बोटावर घेऊन बघितलं. मग विचारलं, “ताई, ही बाटली घेणार कोण? आणि कुठं बघून घेणार?”

सून म्हणाली, “सेलूत, परभणीत. पाव्हण्यारावळ्यांत. पुण्याला आपल्या गावची पोरं हाईत, ते व्हॉट्सॲपवर फोटो बघूनच सांगतेत.”

“म्हणजे बाटली हातात यायच्या आधी फोटो जाणार. अंगठ्याच्या नखाएवढा दिसणार.” त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढचा प्रश्न, “तेल ओतताना ओघळ कुठून येतो?” सुनेनं बाटली तिरकी करून दाखवली. ओघळ बरोबर लेबलाच्या जागेवर आला. तो म्हणाला, “साधा कागद आठ दिवसांत तेलकट होईल, अक्षरं पुसतील. वर प्लास्टिकचा पातळ थर लावावा लागेल. त्याचे पैसे आधी बाजूला ठेवा, डिझाइनचे नंतर बघू.” आपल्या कामाच्या पैशाआधी छपाईच्या पैशाचा विचार करणारा माणूस बघून मला त्याच्यावर भरवसा बसला.

मग त्यानं आकडा सांगितला. चिन्ह, तीन मापांची लेबलं, दुकानाची पाटी, कार्ड, पिशवी, मोबाइलवर टाकायच्या जाहिराती, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. माझा मुलगा लगेच म्हणाला, “दहात करून टाका की राव.” डिझाइन करणारा तो मुलगा गप्प राहिला. असं गप्प राहणं मी शेतात पाहिलं आहे. मजुरी पाडून मागितली की माणूस मान खाली घालतो, हो म्हणतो आणि मग त्याच्या हातातला जीव जातो.

मी मधे पडले. म्हटलं, “त्याच्या दराला हात लावायचा नाही. आपल्याला काय नको ते सांगा.” मग आम्ही तिघांनी ती यादी पुढ्यात घेतली. तीन मापं कशाला, सुरुवातीला एक लिटर आणि अर्धा लिटर पुरे. दोन्हींना आखणी एकच, फक्त वजन-किमतीचे आकडे बदलायचे. पाटी गावातला पेंटर रंगवेल, त्याला नक्कल काढता येईल असं चिन्ह हवं. कार्ड नको. जाहिराती सून स्वतः करेल, त्यासाठी एक रिकामा नमुना द्या. राहिलं काय, तर एक चिन्ह आणि एक लेबल. त्याचे त्यानं नऊ हजार सांगितले आणि आम्ही ते घासाघीस न करता मान्य केले. सहा हजार छपाईला उरले.

हा प्रसंग सविस्तर सांगितला कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे. पैसा कमी असेल तर काम कमी सांगावं, कामाचं मोल कमी करू नये. दोन्हीकडं आकडा जवळजवळ एकच दिसेल, पण हाती येणारी वस्तू वेगळी असते. अठ्ठावीस हजारांचं काम दहात करून घेतलं तर सगळंच अर्धवट मिळतं. नऊ हजारांचं काम नऊ हजारांत करून घेतलं तर ते एक तरी पुरतं मिळतं, आणि त्यावर पुढं भर घालता येते.

पैसा कमी म्हणून काम हलकं होतं असंही नाही. त्या मुलानं ठरवलं की चिन्ह एकाच रंगात करायचं. एक रंग म्हणजे छपाई स्वस्त. पण त्याचा फायदा तेवढाच नव्हता. एका रंगातलं चिन्ह रबरी शिक्क्यावर बसतं, कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंगनं उठतं, झेरॉक्समध्ये बुडत नाही, पेंटरला भिंतीवर काढता येतं. त्यानं पहिला आराखडा नखाएवढा छापून आणला आणि म्हणाला, “आजी, चष्मा काढून बघा.” मला बोंडही दिसलं आणि वरचा झुबकाही. बाटली पारदर्शकच ठेवली, म्हणजे तेलाचा सोनेरी रंग आपसूक दुसरा रंग झाला. त्याला शाई लागली नाही. पुढच्या मोठ्या छपाईबद्दलही त्यानं सावध केलं. छापील पाऊच करायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि कारखाना हजारोंच्या खालची मागणी घेत नाही. म्हणून नव्या माणसानं साधी बाटली आणि चिकटवायचं लेबल यावरच थांबावं. हा सल्ला त्यानं दिला नसता तर आमचं पुढचं कर्ज पाऊचच्या गठ्ठ्यात अडकलं असतं.

बारवेचा विषय निघणारच होता. सुनेची इच्छा होती की लेबलावर बारव हवी. तो मुलगा तिच्याबरोबर बारवेवर गेला, पायऱ्या उतरला, बराच वेळ खाली बसून आला. परत आल्यावर म्हणाला, “ताई, बारव गावाची आहे, तेलाची नाही. तिच्या नावावर आपण तेल विकू नये.” मग त्यानं एक गोष्ट केली. बनवणाऱ्याचा पत्ता कायद्यानं लिहावाच लागतो, आणि सगळेजण तो खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात लिहितात. त्यानं तो वर घेतला. करडईच्या चिन्हाखाली, नावाच्या लगेच खाली, स्वच्छ मोठ्या अक्षरात: मु. पो. वालूर, ता. सेलू, जि. परभणी. ज्या ओळीला एरवी कुणी विचारत नाही ती आमची ओळख झाली. पुण्यातली गावची पोरं आधी तीच वाचतात, असं सून सांगते.

अक्षरांचा विषय निघाला की मला मराठीतली मोठी माणसं आठवतात. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं हातानं रेखली आणि नुसत्या अक्षरवळणावरून नाटकाचा स्वभाव कळावा इतकी ती बोलकी केली. र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यात वाढले, पुढं पवईच्या आयआयटीत शिकवू लागले, आणि संगणकावर वर्षानुवर्षं आपण जे ‘मंगल’ अक्षर वाचत आलो ते त्यांचं आहे. आज ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ ही देवनागरी अक्षरं मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केली आणि कुणालाही, धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरता येतील अशा परवान्यावर खुली ठेवली. आमच्या लेबलावरचा बारीक मजकूर ‘मुक्ता’त आहे. त्यात जोडाक्षरं फुटत नाहीत आणि तोच मजकूर मोबाइलवरही जसाच्या तसा जातो. कमी पैशातल्या माणसाला एवढी चांगली अक्षरं विनामूल्य मिळतात, यामागं कुणीतरी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे हे विसरू नये. तेलाचं तीन अक्षरी नाव तेवढं त्या मुलानं बोरू घेऊन हातानं लिहिलं.

मराठी उद्योगाच्या मुळाशीसुद्धा चित्रकलेचं शिक्षण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडलं आणि यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले, तेच शिकवलंही. पुढं नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची ‘किर्लोस्कर खबर’ काढली. गिऱ्हाइकाशी बोलायला काढलेलं ते पत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. वस्तू कशी दिसते आणि तिच्याबद्दल काय सांगितलं जातं, हे त्या घराण्यानं उत्पादनाइतकंच मनावर घेतलं.

परदेशातली एक गोष्ट स्वस्त डिझाइनच्या बाजूनं नेहमी सांगितली जाते. ‘नायकी’ या बुटांच्या कंपनीचं चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं काढलं आणि तिला ३५ डॉलर मिळाले. गोष्ट खरी आहे, पण ती इथं संपत नाही. १९८३ मध्ये कंपनीनं तिला बोलावून समभाग दिले. आपण आधी दिलं ते कमी होतं, हे त्यांनी अशा रीतीनं मान्य केलं. सांगायची तर गोष्ट पूर्ण सांगावी.

आता थोडं लिहून घेण्याबद्दल. जुन्या गावगाड्यात सुतार-लोहाराला त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ती सारी रचना नोंदवून ठेवली आहे. जन्मानं बांधलेली ती व्यवस्था गेली हे चांगलंच झालं. कारागिराला तिथं नाही म्हणण्याची मोकळीक नव्हती. आज घरून काम करणाऱ्या या मुलांना ती मोकळीक आहे, पण मोलाची खात्री नाही. आमचं लेबल करणाऱ्या मुलानं सांगितलं की नमुना घेऊन फोन न उचलणारी गिऱ्हाइकं त्याला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. आणि गिऱ्हाइकाचंही दुःख असतं. काम करणारा मधेच गायब होतो, फक्त फोटो देतो, मूळ फाइल देत नाही, आणि पुढच्या वर्षी किंमत बदलायची तर पुन्हा त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

यावर उपाय एकच, साधा कागद. आम्ही वहीचं एक पान घेतलं. त्यावर काय करायचं, काय करायचं नाही, दुरुस्त्या दोनदा, त्यापुढच्या दुरुस्तीला वेगळे पैसे, निम्मे पैसे आधी आणि निम्मे फाइली हातात आल्यावर, हे लिहिलं. कोणत्या फाइली, तेही लिहिलं. छपाईला लागणारी, आकडे बदलता येतील अशी मूळ फाइल आणि मोबाइलवर पाठवायची. आणि एक महत्त्वाची ओळ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं आपल्या नोकरीत नसलेल्या माणसानं असं चिन्ह आखलं तर, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याचा पहिला मालक साधारणपणे तो आखणाराच असतो. आपण पैसे दिले म्हणून ते आपोआप आपलं होत नाही. हक्क लेखी, सहीनिशी घ्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो, आणि कुठं वापरायचा ते लिहिलं नसेल तर भारतापुरता. म्हणून आम्ही लिहिलं की सर्व हक्क कायमचे आणि सर्वत्र तेलघाण्याच्या मालकिणीकडे. त्याच्याही बाजूची ओळ लिहिली, की हे काम आपण केलं असं तो आपल्या कामांच्या यादीत नावानिशी दाखवू शकेल. दोघांनी सह्या केल्या, मी साक्षीदार म्हणून केली.

तो कागद हाती होता म्हणून पुढं ट्रेडमार्कचा अर्ज करता आला. व्यक्तीला आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये, आणि नोंदणी मिळाली की ती दहा वर्षं टिकते. पहिल्या हंगामाचं तेल विकून आलेल्या पैशातून सुनेनं ती फी भरली. आधी लेबल, मग विक्री, मग नोंदणी, असा क्रम आमच्या खिशानं लावला आणि तो आम्हाला मानवला.

लेबलामुळं तेल खपतं असा माझा दावा नाही. तेल खवट निघालं तर जगातलं कुठलंही चिन्ह गिऱ्हाईक परत आणत नाही. लेबलाचं काम एवढंच, की अनोळखी माणसानं पहिली बाटली विश्वासानं उचलावी. दुसरी बाटली घाण्यानं विकायची असते. दुसऱ्या हंगामात आम्ही फक्त किंमत आणि तारीख बदलून तेच लेबल पुन्हा छापलं. त्या मुलाला फोन करायची गरज नव्हती, तरी सुनेनं केला आणि पाव लिटरच्या बाटलीचं काम दिलं. त्याचे पैसे त्यानं सांगितले तेवढेच दिले.

आमच्या भागात आता पुष्कळ बाया-पोरं काहीतरी सुरू करताहेत. डाळ, पापड, हळद, मसाले, ज्वारीचं पीठ. जवळच्या जिल्ह्यांत, तालुक्यांच्या गावी कला शिकून परत आलेली मुलंही आहेत, आणि त्यांना काम हवं आहे. या दोघांची गाठ चांगली पडावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. आपल्याकडं किती पैसे आहेत ते पहिल्याच भेटीत खरं सांगा, त्यात लाज नाही. यादी छोटी करा, दर पाडू नका. त्याला एक दिवस आपल्या शेतात, आपल्या चुलीपाशी, आपल्या यंत्रापाशी बसवा. ठरलं ते लिहून घ्या, हक्काची ओळ विसरू नका, आणि काम सुरू होण्याआधी निम्मे पैसे त्याच्या हातावर ठेवा. थोड्या पैशात पुरतं काम होतं, मात्र ते थोडे पैसे वेळेवर आणि मानानं दिले पाहिजेत.